सिंगतामला गाडी थांबते का?

डोंबिवली पूर्व,
३ फेब्रुवारी २०२५

श्रीमती शेवंती गुंजाळ यांना नमस्कार,

आपली ओळख नाही. कल्याणच्या साईनाथभाऊंच्या सहल कार्यालयातून तुमचं नाव आणि पत्ता मिळाला. एप्रिलमधल्या सिक्कीमच्या सहलीत एकट्या येणाऱ्या बायका आपण दोघीच, म्हणून त्यांनी आपल्याला एका खोलीत टाकलंय. आठ दिवस एका खोलीत काढायचे तर आधी थोडी ओळख असावी, असं वाटलं. फोन केला असता, पण मला फोनवरचं कळत नाही. दोन्ही कानांत मशीन आहे. माणूस समोर असला की ओठांवरून निम्मं समजतं. मोबाइलवर लिहायला गेले की बोटं भलतीच अक्षरं दाबतात. तेव्हा पत्र. आमच्या गल्लीत पोस्टमन अजून येतो, हे एक बरं.

मी शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. माझे यजमान, बाळ नाव त्यांचं, दोन वर्षांपूर्वी गेले. मुलगा सुश्रुत पुण्याला असतो. दर रविवारी व्हिडिओवर ओठ ठळक हलवून विचारतो, "आई, तिथले रस्ते खचतात, तुला ऐकू येत नाही, कशाला जातेस एकटी?" एकटी कसली, बरोबर वीस-पंचवीस माणसं आहेत, असं मी त्याला ठासून सांगते. आणि फोन ठेवला की तोच प्रश्न मी मला विचारते.

खरी भीती सांगते. झोपताना मशीन काढावी लागतात आणि मग शेजारी ढोल वाजला तरी मला कळत नाही. आग लागली, जमीन हलली, कुणी दार ठोठावलं, तर तुम्ही मला हलवून उठवाल ना? एवढा शब्द दिलात तर बाकी मी कसंही निभावीन. तुमची काही पथ्यं, सवयी असतील तर कळवा.

उत्तरा देवस्थळी


टेंभी नाका, ठाणे
११ फेब्रुवारी

उत्तराताई, नमस्कार.

पोस्टमन बोलला मावशी तुमचं पत्र, तर मला वाटलं गाळ्याची नोटीस आली. उघडून बघते तर तुमचं अक्षर, एकदम फळ्यावर लिहिल्यासारखं. दोनदा वाचलं.

माझा इथं हारफुलांचा गाळा आहे. मूळ आम्ही जुन्नरकडचे. रोज पहाटे कल्याणच्या फूल मार्केटला जाते, झेंडू, गुलछडी, शेवंती घेऊन येते. शेवंती विकणारी शेवंती, लोक हसतात. नवरात्रात इथं पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा आम्ही गाळ्यातच जेवतो. घरी मी आणि सून संचिता. ती चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. शिकलेली आहे, माझ्यासारखी सातवी नाही.

तुम्हाला मी उठवीन. टेन्शन घेऊ नका. मला चारला जाग येतेच, सवय आहे. पथ्य काही नाही. मासे असले तर खाते, नसले तर नाही.

आता एक विचारायचंय. साईनाथभाऊंना विचारलं तर ते हसायला लागले, म्हणून परत नाही विचारलं. तुम्ही भूगोलाच्या बाई, तुम्हाला कळेल. विमानातून उतरून गंगटोकला जाताना सिंगताम नावाचं गाव लागतं. तिथं गाडी थांबते का? थांबली तर किती वेळ? तेव्हा उजेड असेल ना? आणि नदी कुठल्या बाजूनं दिसते? त्या बाजूची खिडकी मला पाहिजे. बाकी कुठं पण बसवा.

शेवंती


डोंबिवली,
१७ फेब्रुवारी

शेवंतीताई,

तुमच्या शब्दाने जीव भांड्यात पडला. आता तुमचा प्रश्न. जुना नकाशा काढून बसले होते. बागडोगराच्या विमानतळावरून निघालं की सेवोकपासून तिस्ता नदीची सोबत सुरू होते. तिस्ता बाजारजवळ पूल ओलांडला की ती दुसऱ्या बाजूला येते, त्यामुळे एकाच खिडकीतून सगळी दिसायची नाही. रंगपोला सिक्कीमची हद्द लागते, पुढे सिंगताम. तिकडे अंधार लवकर पडतो. आपलं विमान दुपारचं, म्हणजे सिंगतामला उजेड असेलच असं सांगवत नाही. थांबा आपल्या कार्यक्रमात लिहिलेला नाही.

पाहण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. गंगटोकला एम. जी. मार्ग नावाचा रस्ता आहे, तिथे वाहनांना बंदी. नुसतं चालायचं, बाकांवर बसायचं. रोपवे आहे, त्यात मी बसेन असं आत्ता तरी वाटत नाही. रुमटेकचा मठ आहे. ऑर्किडची मोठी बाग आहे, ती खास तुमच्यासाठी. एप्रिलमध्ये डोंगरांवर गुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, फुललेला असतो, तांबडा भडक. पुढे रावंगलाला बुद्धाची प्रचंड मूर्ती आणि भोवती बाग, नामचीला चारधामच्या देवळांच्या प्रतिकृती, पेलिंगहून ढग नसले तर कांचनजंगा. खेचोपलरी म्हणून एक तळं आहे; त्यात पान पडलं की पक्षी उचलून नेतात, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. टेमीच्या मळ्यातला चहा विकत घ्यायचा, मोमो खायचे, पण आधी आत काय आहे ते विचारून.

आणि छांगू तलाव. सव्वाबारा हजार फुटांवर. माझा सगळा जीव त्या एका दिवसात अडकलाय. चाळीस वर्षं मी मुलांना बर्फाची रेषा शिकवली, बर्फ कधी पाहिला नाही. बाळनाही उत्साह नव्हता. तेवढीच भीतीही वाटते, कारण तिथे हवा विरळ. कापूर हुंगायचा म्हणतात. डॉक्टरांचा दाखला घेऊन ठेवलाय. परवान्यासाठी मतदार ओळखपत्र आणि फोटो लागतात, तुम्ही काढलेत का? रोज सकाळी मी तिथल्या रस्त्यांच्या बातम्या वाचते आणि दरड कोसळल्याचं दिसलं की दिवसभर अस्वस्थ असते. सुश्रुतला हे सांगत नाही.

सिंगतामला बाजार आहे आणि नदी आहे, याहून जास्त मला कुठे काही सापडलं नाही. तुमचं कुणी आहे का तिथे?

उत्तरा


टेंभी नाका, ठाणे
२८ फेब्रुवारी

उत्तराताई,

उशीर झाला, लग्नसराई चालू आहे. फोटो काढले. स्वेटर संचितानं आणून दिला.

माझं तिथं कुणी नाही.

तुमच्याकडे एक काम आहे. तुम्ही विचार करून हो बोला, पण हो बोला. ज्या दिवशी सगळे छांगूला जातील त्या दिवशी मी हॉटेलात राहणार. टूरच्या मॅनेजर बाईला मी सांगीन पोट बिघडलं. तुम्ही फक्त बोलायचं, हो, हिला त्रास होतोय, झोपू द्या. तुम्ही लोक गेलात की मी जीप पकडून खाली सिंगतामला जाऊन येणार. शेअर जीप मिळते, मी विचारून घेतलंय. एका जागेवर जायचंय. कुणाला बरोबर न्यायचं नाही.

संध्याकाळपर्यंत मी आली तर विषय संपला. नाही आली तर मगच मॅनेजरला सांगा, आधी नाही. माझी बॅग संचिताकडे पोचवा, टेंभी नाक्यावर फूलवाल्या गुंजाळ कुणी पण दाखवेल.

तुम्ही तुमचा बर्फ बघा. माझ्यामुळे तुमचा दिवस खराब नको.

शेवंती


डोंबिवली,
४ मार्च

श्रीमती गुंजाळ यांना,

तुमचं पत्र वाचून मी फार अस्वस्थ झाले. अनोळखी प्रदेशात, कुणाला न सांगता, सिंगतामला जायचं, जिथे तुमचं कुणीच नाही. आणि 'नाही आली तर' बॅग सुनेकडे पोचवायची? मी सुश्रुतला विचारलं. तो म्हणाला, "आई, कुणाच्या कसल्या भानगडीत तू सापडशील. आधी त्या बाईपासून लांब हो." त्याचं बोलणं मला आवडलं नाही, पण मुद्दा पटला.

माझी प्रकृती पाहता मी अशी जबाबदारी घेऊ शकत नाही. खोटंही मला जमायचं नाही, चेहऱ्यावर दिसतं. म्हणून साईनाथभाऊंना वेगळी खोली मागितली आहे. जास्तीचे पैसे भरीन. तुमच्या बेताबद्दल त्यांना काही बोललेले नाही. तुम्ही तो सोडून द्यावा, ही विनंती.

उत्तरा देवस्थळी


ठाणे,
१२ मार्च

उत्तरा काकू,

तुम्ही मला ओळखत नाही. मी संचिता, शेवंती गुंजाळ यांची सून. आईंनी तुमचं शेवटचं पत्र मला दाखवलं नाही, ते कपाटावर होतं, मी न विचारता वाचलं. सॉरी. पण ते वाचल्यावर तुम्हाला लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आईंनी तुम्हाला सांगितलं का, की त्यांना एक मुलगा होता? होता की आहे, ते मलाही नीट लिहिता येत नाही. सुदेश, माझे मिस्टर. ते पोकलेन मशीन चालवायचे, खोदकामाचं. सिंगतामजवळ रस्त्याच्या कामावर गेलेले. आमच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं पण झालेली नव्हती. दीड वर्षापूर्वी ऑक्टोबरमध्ये तिस्तेला पूर आला त्यात गेले. 'गेले' म्हणजे सापडले नाहीत. फोन आला, नाव बेपत्तांच्या यादीत आहे म्हणून. तेव्हापासून तेवढंच. ते रोज फोनवर आईंना सांगायचे, "आई, एकदा ये इकडे, तुला सगळं फिरवून दाखवतो."

आई कधी रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे मार्केटला गेल्या.

काकू, गेल्या दोन महिन्यांत त्यांनी काय काय केलंय सांगू? गाळ्याचे कागद माझ्या नावावर केले. स्वतःच्या हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून माझ्या हातात घातल्या. चांगल्या साड्या वाटून टाकल्या. बँकेत नेऊन मला सगळं समजावलं. मी विचारलं, "आई, हे आत्ता कशाला?" तर बोलल्या, "तुला कळेल." आणि आता ती नदी, आणि एकटं जायचं, आणि बॅग मला पोचवा.

मला भीती वाटते त्या परत यायला जातच नाहीयेत.

मी साईनाथभाऊंना सांगून त्यांचं तिकीट रद्द करू शकते. पण मग त्या मला माफ करणार नाहीत. मी काय करू? त्यांच्याशिवाय मला कुणी नाही. माहेरी मी गेले नाही ते त्यांच्यासाठीच.

संचिता


डोंबिवली,
१५ मार्च

चि. संचिता,

तुझं पत्र काल आलं. वाचताना माझंच वाक्य आठवलं. मी त्यांना 'तुमचं कुणी आहे का तिथे' असं विचारलं होतं. नकाशात पाहून.

तिकीट रद्द करू नकोस. रद्द केलंस तर त्या तुला न सांगता, कुणाच्याही सोबतीशिवाय जातील. आत्ता निदान आपल्याला दिवस माहीत आहे आणि खोली माहीत आहे. साईनाथभाऊंकडे जाऊन वेगळी खोली रद्द करून आले. छांगूच्या दिवशी त्या जिथे जातील तिथे मी जाणार. त्यांना आधी सांगणार नाही.

मला ऐकू येत नाही हे तुला ठाऊक आहे. राखण करायला माझ्याइतकं निरुपयोगी माणूस शोधून सापडायचं नाही. पण डोळे चांगले आहेत, आणि वर्गातल्या पन्नास मुलांपैकी कोण उठणार आहे ते मला आधी कळायचं. त्यावर भरवसा ठेव.

सुश्रुतला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तूही आईंना हे पत्र दाखवू नकोस.

उत्तराकाकू


टेंभी नाका, ठाणे
२४ मार्च

उत्तराताई,

साईनाथभाऊ बोलले, तुम्ही परत माझ्याच खोलीत. का ते विचारत नाही. तुम्ही पण मला विचारू नका.

रागावलेली मी, खोटं कशाला बोलू. मग वाटलं, तुमचं बरोबर होतं. तुमच्या जागी मी असती तर मी पण घाबरली असती.

तुमच्यासाठी मोठा कापूर घेऊन ठेवलाय, देवळाच्या इथला, भीमसेनी. छांगूला लागेल. तुम्ही जायचं म्हणजे जायचं.

शेवंती


गंगटोक,
८ एप्रिल

चि. संचिता,

आधी हे वाच: आई सुखरूप आहेत. समोरच्या पलंगावर बसून गुडघ्याला मलम लावतायत. गुडघा माझ्यामुळे फुटला, ते पुढे सांगते. हे पत्र लिहून झालं की ऐश्वर्या, आमची टूर मॅनेजर, त्याचे फोटो काढून तुला पाठवणार आहे. पोस्टाची वाट तुला पाहायला लावणार नाही.

आलो त्या दिवशी सिंगतामवरून गेलो तेव्हा अंधार पडला होता. आई काचेला कपाळ टेकवून बसल्या होत्या. दिसले ते फक्त दुकानांचे दिवे. गाडी थांबली नाही. गाव मागे पडलं तरी त्या वळून पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी ऑर्किडच्या बागेत त्यांनी माळ्याला एका दांडीचा भाव विचारला आणि भाव ऐकून हसल्या. सगळे लोक फुलांचे फोटो काढत होते, मी त्यांच्याकडे पाहत होते. मठात त्या प्रार्थनेची चक्रं फिरवत पुढे गेल्या आणि क्षणभर दिसेनाशा झाल्या, तर मी चपला न घालता बाहेर धावले. त्या पायरीवर बसून शेंगा खात होत्या. खोलीत दाराजवळचा पलंग मी घेतला होता. दाराला खुर्ची लावून तिला माझी चादर बांधली, म्हणजे खुर्ची हलली की मला कळेल. सकाळी उठून पाहते तर चादर सोडून, घडी करून ठेवलेली, आणि आई चहाचा कप घेऊन उभ्या. म्हणाल्या, "ताई, नीट झोपत जा. डोळे बघा कसे झालेत."

आज छांगूचा दिवस. नाश्त्याच्या टेबलावर त्यांनी ऐश्वर्याला पोटाचं सांगायला तोंड उघडलं, आणि मी मधेच बोलले. सगळं सांगितलं. सुदेशचं, पुराचं, सिंगतामचं. खोटं मला जमत नाही, आणि परक्या गावात मदतीशिवाय जाणं त्याहून जमणार नव्हतं. आईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, संपलं. तुझ्याकडूनच मला हे कळलं असणार, हे त्यांच्या लक्षात आलं. ऐश्वर्या जेमतेम तुझ्या वयाची. ती म्हणाली, "मावशी, मला आधी सांगायचं ना. मी गाडी तिकडूनच वळवली असती." तिने ओळखीचा ड्रायव्हर दिला आणि बाकीच्यांना घेऊन वर गेली. बर्फ राहिला. वाईट वाटलं, नाही असं नाही.

सिंगतामच्या बाजारात आईंनी मोबाइलवरचा सुदेशचा फोटो दुकानादुकानांत दाखवला. शेवटी एका चहावाल्याने नदीच्या वरच्या अंगाच्या एका घराकडे बोट केलं. घराच्या भिंतीवर चिखलाची रेघ अजून आहे, माझ्या डोक्याच्याही वर. तिथली बाई फोटो पाहताच उभी राहिली. सुदेश तिच्याकडे खोली घेऊन राहायचा. तिने आईंना आत नेलं, बसवलं, आणि बोलायला लागली. तिची हिंदी, तिचे ओठ, मला नवे. फारच थोडं कळलं. मी आईंच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. एकदा त्या ओरडल्या, एवढं दिसलं. जे थोडंफार कळलं ते सांगायचा हक्क माझा नाही. आई घरी आल्यावर स्वतः सांगतील.

तिथून निघालो तर आई गाडीकडे न येता सरळ खाली नदीकडे चालू लागल्या. मी मागे. तिथे पाण्याचा आवाज एवढा की माझ्या मशीनमध्ये नुसता घणघणाट. काढून खिशात टाकली. मग तर काहीच नाही, नुसतं राखाडी पाणी पळताना दिसतंय आणि आई एकेक धोंडा उतरतायत. अगदी काठाशी जाऊन त्या वाकल्या. संचिता, मला पुढचं काही सुचलं नाही. मी त्यांच्या स्वेटरला मागून दोन्ही हातांनी धरून ओढलं. आम्ही दोघी दगडांवर पडलो. त्यांचा गुडघा फुटला, माझं कोपर. त्या माझ्यावर ओरडत होत्या. मला फक्त त्यांचं तोंड दिसत होतं. मी रडत होते आणि स्वेटर सोडत नव्हते.

मग त्यांना कळलं. त्यांनी माझ्या खिशात हात घालून मशीन काढली, माझ्या कानात बसवली, आणि हनुवटी धरून माझं तोंड आपल्याकडे वळवलं. "हात धुवायला वाकली मी. त्यांच्याकडे मिठाई दिलेली, हात चिकट झालेले. कुठं जाणार मी? घरी पोरगी आहे माझी."

पोरगी म्हणाल्या. सून नाही.

मी विचारलं, फुलं आणली नाहीत का वाहायला? तर म्हणाल्या, "जिंदगीभर फुलं विकली. पण या नदीला मी एक पाकळी देणार नाही. हिनं घेतलंय तेवढं पुरे."

आता त्या मला विचारतायत की एवढं काय लिहिताय. पुढचे चार दिवस मी खुर्ची लावणार नाही. तूही नीट जेव.

उत्तराकाकू


टेंभी नाका, ठाणे
४ मे

उत्तराताई,

कोपर कसं आहे? माझा गुडघा बरा झाला.

त्या दिवशी त्या बाईचं बोलणं तुम्हाला कळलं नाही, आणि नंतर तुम्ही एकदा पण विचारलं नाही. रावंगलाला बुद्धासमोर आपण एवढा वेळ बसलो, तेव्हा सांगायचं होतं, जमलं नाही. म्हणून आता लिहिते.

ती बोलली, पाणी येतंय म्हणून ओरडा झाला तेव्हा सगळे वरच्या रस्त्यावर पळाले. सुदेश पण आला. त्याच्या हातात तिच्या मुलीचं दप्तर होतं, ते त्यानं मुलीला दिलं. मग बोलला, पोकलेन वर घेऊन येतो, आणि खाली गेला. ती वरून बघत होती. अंधारात मशीनचे दिवे लागलेले तिनं बघितले. मग दिव्यांसकट ती जमीनच गेली. तिनं डोळ्यांनी बघितलं, ताई. नंतर सरकारी माणसं आली होती, नावं लिहून घेऊन गेली, पण तू काय बघितलंस असं तिला कुणी विचारलंच नाही. मी ओरडली ते तेव्हा. मशीनसाठी! लोखंडासाठी गेला! अजून राग येतो. जेवताना पण मधेच येतो.

पण मी तेच ऐकायला गेलेली. मला स्वतःसाठी नको होतं. आई आहे मी, मला पहिल्या दिवशीच कळलेलं. मला संचितासाठी पाहिजे होतं. ती पोरगी दीड वर्ष सणाला हिरव्या बांगड्या भरते, त्याचे शर्ट धुऊन इस्त्री करून ठेवते. तिच्या दुकानात महिपत म्हणून आहे, साधा मुलगा, त्यानं हिला विचारलेलं, ते मला दुसऱ्यांकडून कळलं. हिनं त्याला सांगितलं, माझे मिस्टर बाहेरगावी आहेत. मी हिला कसं सांगू, की तो नाही? ती बोलली असती, तुम्हाला काय माहीत? म्हणून जाऊन बघून यायचं होतं. बांगड्या, गाळा, सगळं म्हणून तिच्या नावावर केलं, की उद्या कुठं पण गेली तरी मोकळ्या हातानं जायला नको. आणि तिला वाटलं मी मरायला चालली! तुम्हाला पण तेच वाटलं. दोघी शिकलेल्या.

बॅगेचं मी लिहिलं ते दरडीच्या भीतीनं. तुम्हीच तर मला रस्त्यांच्या बातम्या कळवत होता.

आल्यावर लगेच सांगायला धीर झाला नाही. ती पण विचारत नव्हती. तुमचं गंगटोकचं पत्र तिनं वाचलेलं, म्हणजे काहीतरी आहे हे तिला माहीत, आणि दोघी घरात एकमेकींना चुकवत फिरतोय. मागच्या रविवारी ती भाजी निवडत होती. मी समोर बसली आणि सांगून टाकलं, सगळं, दप्तर, मशीन, दिवे. ती भाजी निवडतच राहिली. मला वाटलं हिला ऐकू गेलं नाही.

मग बोलली, "मला माहीत होतं, आई."

मी बोलली, "मग शर्ट कुणासाठी धूत होतीस?"

"तुमच्यासाठी. तुम्ही वाट बघत होतात ना. मी धुणं बंद केलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, हिनं त्याला मारून टाकला."

ताई, मी तिच्यासाठी आणि ती माझ्यासाठी. दोघी वाट बघतोय, आणि येणारा नाहीच, हे दोघींना माहीत. तेव्हा आम्ही रडलो. एकत्र पहिल्यांदाच. नाहीतर ती बाथरूममध्ये नळ सोडून आणि मी मार्केटात, तिथं कुणी बघत नाही.

महिपतचं मी काढलं, तर बोलली, "ते माझं मला बघू द्या, आई. घाई करू नका." बरोबर आहे तिचं. मी परत नाही काढणार. बांगड्या तिनं परत माझ्या हातात घातल्या, मी नको बोलली तरी. शेवटी दोन तिच्याकडे ठेवल्या, दोन माझ्याकडे.

काल संध्याकाळी शेजारची सरोज आलेली, काहीतरी दुरुस्तीचं बोलत होती. संचिता तिला बोलली, "सुदेश असताना त्यांनी केलेलं ते." साधंच बोलली, चहा गाळता गाळता. आधी ती नेहमी "सुदेश आले की" असं बोलायची. सरोजच्या लक्षात पण आलं नाही. माझ्या आलं. मी कप पुढे केला.

तुमची
शेवंती